रोल्स-रॉइस बाजारात येण्यापूर्वी रस्त्यावर कशी तपासली जात असे

आपला प्रश्न असा आहे की, ज्या काळात संगणक नव्हता, सेन्सर नव्हते आणि कंप मोजणारी सुटसुटीत यंत्रेही नव्हती, त्या काळात रोल्स-रॉइससारखी आलिशान गाडी घडत असताना तिची रस्त्यावरची चाचणी नेमकी कशी घेतली जात असे, आणि त्या चाचणीतून अभियंत्यांना खरोखर काही कळत असे की तो जाहिरातीचाच एक भाग होता. पुण्यात नव्या गाड्यांच्या प्रोटोटाइपची रोड टेस्ट घेण्यात माझी नोकरीची बहुतेक सगळी वर्षे गेली आणि निवृत्तीनंतर जुन्या गाड्या पुन्हा चालत्या करण्याच्या कामात मी गुंतलो आहे, त्यामुळे उत्तर लांबणार आहे. जाहिरातीचा मुद्दा आधी निकाली काढतो. जाहिरात होतीच, पण तिच्याच निमित्ताने जी माहिती हाती आली, ती कारखान्यात बसून कोणालाही मिळाली नसती. मात्र त्या माहितीला एक मर्यादा होती, आणि ती मर्यादा रस्त्याची होती. चाचणी ज्या रस्त्यावर घ्याल, त्याच रस्त्याचे दोष ती दाखवते. ही गोष्ट रोल्स-रॉइसच्या अभियंत्यांना तीस वर्षांत पुन्हा पुन्हा नव्याने शिकावी लागली.

सुरुवात १९०७ सालच्या प्रसिद्ध चाचणीपासून करू. ४०/५० अश्वशक्तीच्या मालिकेतील बारावी चेसिस (गाडीचा मूळ सांगाडा), क्रमांक ६०५५१, नोंदणी एएक्स २०१, हिला चंदेरी रंग आणि चांदीचा मुलामा दिलेला साज चढवून क्लॉड जॉन्सन या कल्पक व्यवस्थापकाने ‘सिल्व्हर घोस्ट’ असे नाव दिले आणि रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षकांच्या देखरेखीखाली ती १५,००० मैल, म्हणजे सुमारे २४,००० किलोमीटर चालवली. लंडन ते ग्लासगो या वाटेवर तिने पुन्हा पुन्हा फेऱ्या केल्या. त्यांपैकी १४,३७१ मैल तिने आपणहून एकदाही न थांबता पार केले. रविवारी मात्र गाडी उभी ठेवत. त्याआधी ६२९ मैलांवर ती एकदा बंद पडली होती, कारण हादऱ्यांनी पेट्रोलचा कॉक आपोआप बंद झाला होता.

जाहिरातीत १४,३७१ हा आकडा गाजला. मला मात्र ६२९ मैलांवरचा तो कॉक अधिक बोलका वाटतो. इंजिन, गिअरबॉक्स, क्लच या मोठ्या अवयवांकडे सर्वांचेच लक्ष असते, त्यामुळे त्यांतले दोष कागदावर किंवा टेस्ट बेंचवर आधीच पकडले जातात. गाडीला रस्त्यात उभे करतात ते कॉक, क्लिपा, रबरी नळ्या, वायरी अडकवण्याचे हुक आणि कोणीतरी घाईत आवळलेले नट. आमच्या लॉगशीटमध्येही दहापैकी आठ नोंदी अशाच क्षुल्लक वस्तूंच्या असत, आणि तरुण इंजिनिअरांना त्या नोंदी लिहिण्यात कमीपणा वाटे.

चाचणी संपल्यावर जे केले गेले ते त्याहून महत्त्वाचे होते. गाडी पूर्ण खोलली, प्रत्येक भागाची झीज तपासली आणि ती पुन्हा नव्यासारखी करण्यासाठी कोणते भाग बदलावे लागतील याचा हिशेब मांडला. तो २ पौंड, २ शिलिंग आणि ७ पेन्स इतका भरला. त्या यादीत स्टिअरिंगच्या पिना आणि सांधे ठळकपणे आढळतात, आणि ज्याने मातीच्या रस्त्यावर गाडी चालवली आहे त्याला याचे आश्चर्य वाटणार नाही. स्टिअरिंगचे सांधे चाकांनी उडवलेल्या धुळीच्या अगदी वाटेत असतात, त्यांच्यावर सतत उलटसुलट भार येतो, आणि ग्रीसमध्ये धूळ मिसळली की तिचे कानशीच्या भुकटीसारखे मिश्रण तयार होते. गाडी न थांबता चालली हे ग्राहकाला सांगायचे. पिनेची किती झीज झाली हे आराखडा काढणाऱ्याला. या दोन गोष्टींची गल्लत त्या काळच्या अनेक कारखान्यांनी केली. कंपनीचे एक संस्थापक आणि मुख्य अभियंता हेन्री रॉइस यांनी ती केली नाही.

आलिशान गाडीच्या चाचणीत आणखी एक अडचण असते. मालवाहू गाडी वजन ओढते की नाही, स्पर्धेची गाडी किती वेगाने धावते, हे घड्याळ आणि काटा सांगू शकतात. परंतु आलिशान गाडीकडून ग्राहक जे मागतो ते म्हणजे काही गोष्टींचा अभाव. आवाज नको, थरथर नको, गिअर बदलल्याचे मागे बसलेल्याला कळायला नको. म्हणून १९११ साली लंडन ते एडिंबरो आणि परत अशी जी चाचणी झाली, तीत संपूर्ण प्रवास वरच्या गिअरमध्येच करण्याची अट होती. आज ती अट विचित्र वाटते, पण त्या काळी गिअर बदलणे हे कसबाचे काम होते आणि चुकल्यास होणारी खरखर मागच्या आसनावर ऐकू जाई, त्यामुळे गिअर जितका कमी बदलावा लागेल तितकी गाडी श्रेष्ठ मानली जाई. त्या गाडीने गॅलनमागे २४.३२ मैल, म्हणजे लिटरमागे साडेआठ किलोमीटरांहून थोडे अधिक अंतर कापले आणि पुढे ब्रुकलँड्सच्या ट्रॅकवर ताशी ७८.२६ मैलांचा वेग दाखवला. सात लिटरांहून मोठ्या इंजिनाला हे दोन्ही एकाच जुळणीत जमणे सोपे नाही. आजही आम्ही एक साधायला गेलो की दुसरे हातून निसटते.

वरच्या गिअरमध्ये माणसाच्या चालीच्या वेगापासून पूर्ण वेगापर्यंत गाडी सावकाश न्यायची आणि कोणत्या वेगाला ती थरथरते ते टिपायचे, ही रोड टेस्टची सर्वांत जुनी आणि अजूनही सर्वांत उपयोगी रीत आहे. सहा सिलिंडरांच्या इंजिनाचा क्रँकशाफ्ट लांब असतो. प्रत्येक स्फोटाबरोबर तो किंचित पिळला जातो आणि उलट फिरून पूर्ववत होतो. स्फोटांची गती आणि शाफ्टची पिळवटण्याची स्वाभाविक गती ज्या वेगाला जुळते, तिथे झोक्याला नेमक्या वेळी धक्का दिल्यासारखे होते आणि पीळ वाढत जातो. रॉइस यांच्या आधीच्या ३० अश्वशक्तीच्या सहा सिलिंडरी गाडीत यामुळे क्रँकशाफ्ट अक्षरशः तुटत असत. ४०/५० मध्ये त्यांनी शाफ्ट जाड आणि ताठ केला, म्हणजे तो घातक वेग नेहमीच्या चालीच्या पलीकडे ढकलला, आणि पुढे शाफ्टच्या टोकाला घर्षणाने धरलेले एक छोटे फ्लायव्हील बसवले, जे शाफ्ट पिळला की किंचित घसरते आणि त्या पिळाची शक्ती खाऊन टाकते. हे निदान करताना चालकाच्या तळव्यांना आणि बुडाला जे कळत होते, त्याचा मोठा आधार होता. तो वेग काट्यावर वाचून कागदावर लिहिला गेला, म्हणून त्यावर उपाय काढता आला. ‘गाडी मध्येच थरथरते’ या तक्रारीवर कोणताही अभियंता काही करू शकत नाही. ‘ताशी ४२ ते ४५ मैलांच्या दरम्यान, चढावर, पाय दाबलेला असताना थरथरते आणि पाय काढताच थांबते’ अशी तक्रार असेल तर निम्मे काम झालेले असते.

आता रस्त्याची मर्यादा. सुरुवातीच्या ४०/५० गाड्यांना चार गिअर होते आणि चौथा ओव्हरड्राइव्ह होता, म्हणजे त्यात त्याच वेगाला इंजिन कमी फिरे, पण ओढही कमी मिळे. ब्रिटनच्या ग्राहकाला मात्र वरच्या गिअरवर चढ न चढणारी गाडी अशक्त वाटे, म्हणून १९०९च्या सुमारास तीन गिअरांची पेटी आली. इंग्लंड-स्कॉटलंडच्या वाटांवर तिच्याविषयी तक्रार येण्याचे कारण नव्हते. १९१२ साली जेम्स रॅडली नावाचे एक धाडसी गाडीमालक आपली रोल्स-रॉइस घेऊन ऑस्ट्रियातील आल्प्सच्या स्पर्धेत उतरले आणि काट्शबर्गच्या चढावर गाडी अडली, कारण तिचा पहिला गिअर त्या चढाच्या मानाने फार उंच होता. हजारो मैलांच्या चाचण्यांत जे दिसले नव्हते, ते एका घाटाने काही मिनिटांत दाखवले. कंपनीने चार गिअरांची पेटी पुन्हा आणली, इंजिन आणि थंड ठेवण्याची व्यवस्था सुधारली आणि १९१३च्या आल्पाइन स्पर्धेत आपला ताफा उतरवून नाव परत मिळवले. त्या ताफ्यातील एक चालक अर्नेस्ट हाइव्ह्ज हा होता. त्याची कथा मला फार प्रिय आहे. १९०८ साली कंपनीत आलेला हा तरुण टेस्टर पुढे प्रायोगिक विभागाचा प्रमुख झाला, १९३६ साली इंग्लंडमधील डर्बी येथील कंपनीच्या कारखान्याची सूत्रे त्याच्याकडे आली आणि दुसऱ्या महायुद्धातील मर्लिन या विमान-इंजिनांचे प्रचंड उत्पादन त्याच्या कारकिर्दीत झाले. टेस्टरच्या खुर्चीतून वर गेलेला माणूस कारखाना चालवतो तेव्हा वाईट बातमी वरपर्यंत पोहोचायला वेळ लागत नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे.

घाटांच्या बाबतीत आपल्याकडचा एक दाखला काट्शबर्गच्या चार वर्षे आधीचा आहे. १९०८ साली मुंबई ते कोल्हापूर अशा रिलायबिलिटी ट्रायलमध्ये ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची एक ४०/५० रोल्स-रॉइस उतरली आणि सहा घाट ओलांडत तिने ६२० मैल पार केले. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. मुंबई-कोल्हापूर म्हटले की बोरघाट, कात्रज, खंबाटकी ही नावे आपल्या डोळ्यांपुढे येतात, आणि १९०८ सालच्या टायरांवर, मागच्याच चाकांना असलेल्या ब्रेकांवर हा प्रवास काय असेल याची कल्पना या वाटेने जुनी गाडी नेणाऱ्यालाच येईल. घाटाची खरी परीक्षा चढताना होते असा समज आहे. माझा अनुभव वेगळा आहे. गाडी चढते तेव्हा पंखा आणि पाणी दोन्ही फिरत असतात. माथ्यावर पोहोचून चालक चहाला थांबतो आणि इंजिन बंद करतो, तेव्हा साठलेली सगळी उष्णता कार्ब्युरेटरकडे आणि पेट्रोलच्या नळीकडे जाते, पेट्रोल नळीतच उकळते आणि दहा मिनिटांनी गाडी सुरू होत नाही. म्हणून मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता, पूर्ण भरलेली गाडी माथ्यावर नेऊन मुद्दाम बंद करणे हा आमच्या कार्यक्रमाचा ठरलेला भाग होता. चालकांना त्यात चहाची सुट्टी मिळे, म्हणून त्याला विरोध कधी झाला नाही.

पहिल्या महायुद्धानंतर रोल्स-रॉइसने विकासाच्या चाचण्या बऱ्याच अंशी फ्रान्समध्ये नेल्या. याची कारणे अगदी व्यावहारिक होती. ब्रिटनमध्ये १९०३च्या कायद्याने ताशी २० मैलांची वेगमर्यादा घातली होती आणि ती १९३० पर्यंत कायद्यात कायम होती. ती सर्रास मोडली जात असली, तरी दिवसेंदिवस वेगाने गाडी पळवण्याचा अधिकृत कार्यक्रम तिथे आखता येत नव्हता. फ्रान्सचे राष्ट्रीय रस्ते लांब, सरळ, झाडांच्या दुतर्फा रांगांमधून जाणारे आणि बऱ्याच ठिकाणी खराब होते, म्हणजे चाचणीला हवे तसेच. पॅरिस-तुलूझ मार्गावरील शातोरू या गावी कंपनीने आपला तळ ठेवला आणि प्रायोगिक गाड्या तिथे १०,००० मैल आणि पुढे १५,००० मैल पिटाळल्या जाऊ लागल्या. या गाड्यांना १०ईएक्स, १५ईएक्स, १७ईएक्स असे क्रमांक असत. त्यांतील १७ईएक्स पुढे काश्मीरच्या महाराजा हरिसिंहांकडे गेली.

दुसरे कारण स्वतः रॉइस होते. १९११च्या गंभीर आजारपणानंतर ते डर्बीच्या कारखान्यात राहिले नाहीत; हिवाळा फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर ल कानाडेल येथे आणि पुढे उन्हाळा इंग्लंडमधील वेस्ट विटरिंग येथे, अशी त्यांची राहणी झाली. कारखाना त्यांच्याकडे गाड्या पाठवी, ते त्यांत बसून दोष काढत आणि त्यांचे लेखी निरोप डर्बीला जात. अंतर्गत पत्रव्यवहारात माणसांची नावेही संक्षिप्त असत. रॉइस म्हणजे नुसते ‘आर’, जॉन्सन म्हणजे ‘सीजे’. मुख्य अभियंता शेकडो मैल दूर असल्यामुळे गाडीविषयीचे प्रत्येक मत लिहूनच कळवावे लागे, आणि या सक्तीचा फायदा असा झाला की तोंडी सांगून विरून जाणारी निरीक्षणे कागदावर राहिली. आमच्याकडे चालक आणि डिझाइनवाले एकाच इमारतीत बसत. बरेचसे शहाणपण जिन्यात बोलले गेले आणि जिन्यातच राहिले.

गुप्ततेचे दोन किस्से मजेचे आहेत. १९२५ साली आलेल्या न्यू फँटम या गाडीचे काम ‘ईस्टर्न आर्मर्ड कार’ (पूर्वेकडची चिलखती गाडी) या सांकेतिक नावाखाली चालले होते आणि लोकांचा तसा समज व्हावा म्हणून कारखान्यात चिलखती पत्रे मुद्दाम टाकून ठेवले होते. दुसरा किस्सा १९२४चा. बेंटली गाड्यांचे निर्माते डब्ल्यू. ओ. बेंटली आपली नवी सहा सिलिंडरी गाडी बेढब रेडिएटर लावून, भलत्याच नावाने फ्रान्समध्ये तपासत होते आणि एका तिठ्यावर त्यांना तशीच ओळख लपवलेली रोल्स-रॉइसची प्रायोगिक गाडी भेटली. दोन्हींतील माणसांनी एकमेकांना ओळखले आणि शब्दही न बोलता शर्यत सुरू झाली. शेजारी शेजारी धावणाऱ्या या गाड्यांची शर्यत रोल्स-रॉइसमधल्या एकाची टोपी उडाल्यावर संपली. बेंटलींना त्यातून कळले की आपले सव्वाचार लिटरांचे इंजिन पुरेसे नाही, आणि गाडी बाजारात आली ती साडेसहा लिटरांची होऊन. तितक्या अचूक तुलनेची चाचणी पैसे देऊनही आखता आली नसती.

विसाच्या दशकात दोन सुधारणा एकदम आल्या आणि त्यांनी टेस्टरांची झोप उडवली. चारही चाकांना ब्रेक आले (रोल्स-रॉइसने ते १९२४ साली, गिअरबॉक्सवरून चालणाऱ्या सर्व्होसह, म्हणजे ब्रेकचा जोर वाढवणाऱ्या यंत्रणेसह, दिले) आणि कमी हवेचे फुगीर टायर आले. दोन्ही सुधारणा उत्तम, पण एकत्र आल्यावर पुढची चाके विशिष्ट वेगाला डावी-उजवीकडे फडफडू लागली. पुढचा अॅक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, तेव्हा एकसंध असे. एक चाक उंचवट्यावर चढले की अॅक्सल तिरपा होतो, वेगाने फिरणाऱ्या चाकाचा आस कलतो आणि भोवऱ्याच्या नियमाने ते चाक आपोआप वळू पाहते. टायर मऊ आणि ब्रेकमुळे चाक जड असेल, तर एकदा सुरू झालेली ही फडफड स्वतःलाच पोसते आणि स्टिअरिंग हातातून निसटू लागते. उपाय म्हणून पुढचे पाटे (स्प्रिंगा) ताठ ठेवत. त्यामुळे चाके शांत होत, पण मागे बसलेल्याला गाडी होडीसारखी पुढे-मागे डोलताना जाणवे, म्हणजे मालकालाच त्रास.

या डोलण्याचे मोजमाप कसे करायचे? इथे आपल्या प्रश्नाचे माझ्या मते सर्वांत सुंदर उत्तर मिळते. रोल्स-रॉइसच्या माणसांनी गाडी वर टांगून, झोके देऊन तिचे जडत्व मोजले, चेसिसची आणि पाट्यांची ताठरता मोजली आणि रस्त्यावरचा आराम मोजण्यासाठी तोंड उघडे असलेले एक भांडे काठोकाठ पाण्याने भरून गाडीत ठेवले. ठरावीक वेगाने एक मैल जायचे आणि किती पाणी सांडले ते पाहायचे. या उपकरणाला कोणतीही वीज लागत नाही आणि वरिष्ठ बसले आहेत म्हणून ते आपले मत बदलत नाही. मॉरिस ऑली हे रोल्स-रॉइसच्या अमेरिकेतील शाखेतले अभियंता १९३० साली कॅडिलॅककडे गेले, तेव्हा ही सगळी रीत त्यांच्याबरोबर गेली. त्यांनी तिथे एका लांब लिमोझिनला पुढे आणि मागे सरकवता येणारी वजने लावली आणि माणसांना बसवून एकेका जुळणीविषयी मत विचारले. पुढचे पाटे मागच्यांपेक्षा मऊ असले तर गाडी सपाट राहते, हे त्यातून स्पष्ट झाले. खड्डा आधी पुढच्या चाकाला लागतो आणि मागचे टोक उशिरा हलू लागते, म्हणून त्याची हालचाल थोडी जलद असली तर ते पुढच्याला गाठते. पुढचे पाटे मऊ करायचे तर फडफड रोखण्यासाठी एकसंध अॅक्सल सोडून प्रत्येक चाक स्वतंत्र करणे भाग होते. १९३४च्या अमेरिकी गाड्यांत ती रचना आली आणि त्याच धर्तीची रचना रोल्स-रॉइसने बारा सिलिंडरांच्या फँटम ३ मध्ये स्वीकारली. इंग्लंडमधून गेलेली भांडेभर पाण्याची युक्ती अशी फिरून घरी आली.

चाके फिरत्या रोलरवर ठेवून, रोलरला उंचवटे लावून गाडी जागच्या जागी आदळवणारा संचही डर्बीत होता आणि तो चेसिसचे तडे कमी वेळात उघड करी. तशा संचावर मी पुष्कळ काम केले आहे. तो धातूचा थकवा दाखवतो. पावसात भिजलेली, उन्हात तापलेली, धुळीने माखलेली आणि कंटाळलेल्या माणसाने चालवलेली गाडी तो दाखवू शकत नाही. त्यामुळे संच आल्यावरही शातोरू बंद झाले नाही; ते दुसरे महायुद्ध सुरू होईपर्यंत चालले.

तरीही आणखी एक धडा राहिलाच होता. रॉइस १९३३ साली वारले. बेंटली कंपनी तोवर रोल्स-रॉइसने विकत घेतली होती; त्याच वर्षी डर्बीत घडलेली पहिली बेंटली आली आणि १९३६ साली तिला सव्वाचार लिटरांचे इंजिन मिळाले. या गाड्या फ्रान्सच्या रस्त्यांवर कसून तपासलेल्या होत्या. पण फ्रान्सचा सरळ रस्ता कितीही लांब असला तरी त्यावर गाव येते, बैलगाडी येते, रेल्वेचे फाटक येते, आणि प्रत्येक वेळी चालकाचा पाय पॅडलवरून निघतो; त्या काही सेकंदांत बेअरिंगांतील तेल थंड होते. १९३५ साली फ्रँकफर्ट ते डार्मस्टाट हा जर्मनीतील नव्या ऑटोबानचा, म्हणजे केवळ मोटारींसाठीच्या विनाअडथळा महामार्गाचा, पहिला टप्पा खुला झाला, मग असे आणखी टप्पे आले, आणि युरोपात फिरणारे मालक तासन्तास पाय न उचलता गाडी हाकू लागले. बेअरिंगे जाऊ लागली. १९३८ साली गिअरबॉक्स बदलून वरचा गिअर ओव्हरड्राइव्ह करण्यात आला, म्हणजे त्याच वेगाला इंजिन कमी फिरेल. ४०/५० मधून जो ओव्हरड्राइव्ह चढावर अशक्त वाटतो म्हणून १९०९च्या सुमारास काढला होता, तोच गाडीत परत आला.